अंगण कोणाचे? भाड्याचे घर, गाडीवाट आणि घरातला पडदा

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या आमच्या पट्ट्यात भाड्याच्या घरांवरून ज्या तकरारी होतात, त्या भाड्याच्या रकमेवरून होत असतील असे कोणालाही वाटेल. आमचा अनुभव वेगळा आहे. भाडे किती आणि ते कोणत्या तारखेला द्यायचे, हे दोघांनाही पाठ असते. तंटा उभा राहतो तो अंगणावरून. मालकाचा पिकअप भाडेकरूच्या दारात उभा राहतो. शेजारच्या गाळ्याचा माल त्याच्या फाटकातून आत-बाहेर होतो. हंगामात कांद्याच्या पिशव्यांची थप्पी ओट्यालगत लागते, टोमॅटोचे रिकामे क्रेट पडवीत येऊन बसतात. भाडेकरू बोलत नाही, कारण घर दुसऱ्याचे. मालकाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण घर आपले. अशा न बोललेल्या गोष्टी साठत जातात आणि एक दिवस दोघांनाही पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागते.

आपल्या वाचकांत भाडेकरूही आहेत आणि घरमालकही आहेत. पुष्कळ जण तर दोन्ही आहेत. दुकान भाड्याचे आणि गावातले जुने घर दुसऱ्याला भाड्याने दिलेले. म्हणून आजचा धडा दोघांसाठी आहे. प्रश्न एवढाच की, घर भाड्याने दिल्यावर दारासमोरचे अंगण आणि गाडी आत येण्याची वाट कोणाच्या हुकमतीत राहते? आणि त्या घरातल्या माणसांना निवांत राहण्याचा, दुसऱ्याच्या नजरेपासून दूर राहण्याचा हक्क किती?

आधी आमची चूक

दुसऱ्याला शिकवण्यापूर्वी स्वतःचा हिशेब द्यावा. जुन्नरमध्ये आमचे एक जुने घर आहे. पुढे फाटक, मग फरशीचे अंगण, मग दोन खोल्या आणि मागच्या अंगाला आमची मालाची खोली. पुढचे घर आम्ही एका कारागिराला भाड्याने दिले. तो शिलाईकाम करी. त्याची बायको घरीच फॉल-पिको आणि काजबटणाचे काम घेई. मागची खोली आमच्याकडेच राहिली आणि तिथे जाण्याची वाट त्याच्या अंगणातून. बोलणे सगळे तोंडी झाले. वाटेबद्दल आम्ही काही सांगितले नाही, त्यानेही काही विचारले नाही.

आमचा माल भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडून येतो. टेम्पो रात्री निघतो आणि पहाटे पोहोचतो. फजरच्या आधीच फाटक उघडायचे, टेम्पो अंगणात घ्यायचा, हमालांनी गाठी उतरवून मागे न्यायच्या. अर्ध्या-पाऊण तासाचे काम, आठवड्यातून दोनदा. आम्हाला त्यात काही गैर वाटत नव्हते. मग एके दिवशी त्याने अंगणात दोरी बांधून जुन्या चादरींचा पडदा लावला. टेम्पो आत येईना. आम्ही तावातावाने गेलो. तो शांतपणे म्हणाला, “चाचा, पाणी तापवायचा बंब अंगणात आहे, न्हाणी अंगणात आहे. तुमचे हमाल जाईपर्यंत घरातल्या बायका आत कोंडून बसतात. पोरगी दहावीला आहे, तिचा पहाटेचा अभ्यास बुडतो. मी भाडे देतो ते घराचे की तुमच्या गोदामाच्या पहाऱ्याचे?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवस राग धरला, तिसऱ्या दिवशी अक्कल आली. मागच्या बोळाच्या बाजूने मालाच्या खोलीला दार पाडले. गवंडी, चौकट, शटर असा खर्च झाला, पण वाट वेगळी झाली. तोपर्यंत उशीर झाला होता. त्याने दुसरे घर पाहिले होते आणि महिनाअखेर तो गेला. एकाही महिन्याचे भाडे न थकवणारा भाडेकरू आम्ही आमच्या हाताने घालवला. जाताना त्याने चावी हातात ठेवली, सलाम केला, तक्रारीचा शब्द काढला नाही. तो पहिल्याच आठवड्यात बोलला असता तर बरे झाले असते असे आम्ही पुष्कळ दिवस म्हणत होतो. आता वाटते, विचारायचे आम्ही होते.

भाडे म्हणजे नेमके काय विकले?

आपल्या फिक्हमध्ये भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. त्यात वस्तूची मालकी मालकाकडेच राहते, पण तिची मनफअत, म्हणजे तिचा उपयोग, ठरलेल्या मुदतीसाठी ठरलेल्या मोबदल्यात दुसऱ्याला दिला जातो. सोप्या भाषेत भाडे म्हणजे वापराची विक्री. कापडवाल्याला हे लवकर समजेल. ग्राहकाला दहा मीटर कापड मोजून दिले, पैसे गल्ल्यात टाकले आणि मग कात्री घेऊन त्यातला एक मीटर परत कापून घेतला, तर त्याला आपण काय म्हणू? घर महिनाभरासाठी दिले आणि त्यातली रोज पहाटेची वेळ परत घेतली, तर तोही तोच मामला आहे.

मालकाला अंगणातली वाट स्वतःसाठी ठेवायची असेल तर त्यात गुन्हा नाही. कापड विकताना “यातला एक मीटर माझा” असे आधी सांगून त्या हिशेबाने दाम घेतला, तर व्यवहार चोख आहे. नंतर कापला तर खियानत आहे. सगळा फरक आधी आणि नंतर या दोन शब्दांत आहे.

कायद्यात अंगणाची जागा

आता देशाचा कायदा पाहू. भाडेकरू बांधवांनी पुढील पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ७ मध्ये ‘जागा’ या शब्दाची व्याख्या आहे. भाड्याने दिलेली इमारत किंवा तिचा भाग एवढ्यावर ती थांबत नाही; त्या इमारतीला जोडून असलेली बाग, मोकळी जमीन, गॅरेज आणि बाहेरची लहान बांधकामेही तिच्यात येतात. अंगण घराला जोडून आहे आणि घराबरोबरच वापरायला दिले आहे असे दिसत असेल, तर ते भाड्याच्या जागेत मोडते. ते तसे दिले होते की नाही, हे करारातला मजकूर, फाटक, कुंपण आणि प्रत्यक्ष वापर यांवरून ठरते.

२) हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नोंदवलेल्या क्षेत्रांना लागू होतो. आपले गाव त्यात येते का, याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी. येत नसेल तरी भाडेकरू उघड्यावर पडत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ सांगते की, भाडेकरू भाडे देत असेल आणि अटी पाळत असेल, तर मुदतभर त्याला अडथळ्याविना जागेचा उपभोग घेऊ देण्याची हमी मालकाने दिली आहे असे धरले जाते. करारात तसे लिहिलेले नसले तरी. फक्त करारात याविरुद्ध काही ठरले असेल तर ते पाहावे लागते.

३) फौजदारी कायद्यात आगळीक ठरते ती ताब्यावरून, मालकीवरून नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचे कलम ३२९ दुसऱ्याच्या ताब्यातल्या मालमत्तेत शिरण्याबद्दल बोलते. जागा भाडेकरूच्या ताब्यात असेल तर खुद्द मालकही त्यात सापडू शकतो. मात्र नुसते पाऊल टाकले म्हणून गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याचा किंवा धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू दिसावा लागतो. ज्याला जिकडे जाण्याचा हक्क आहे, तिकडे जाण्यापासून त्याला मुद्दाम अडवले, तर कलम १२६ आहे. त्यात एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

४) भाडेकरू बोलला म्हणून त्याचे पाणी तोडणे, वीज बंद करणे हा प्रकार आपल्याकडे होतो. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ त्याला मनाई करते. पाणी, वीज, जिन्यातला व वाटेतला दिवा, सफाई या आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडणे किंवा अडवून ठेवणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

५) मालकाने अंगणाला परस्पर कुलूप ठोकले किंवा मध्ये भिंत घालून भाडेकरूला तिथून काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ६ उपयोगी पडते. कायदेशीर मार्गाखेरीज ज्याचा ताबा गेला, तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. या दाव्यात मालक कोण हा प्रश्न कोर्ट पाहत नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला एवढेच पाहते. सहा महिने उलटले की हा सोपा मार्ग बंद होतो, हे ध्यानात ठेवावे.

आमच्याकडे बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात. त्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. त्यात पूर्ण भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत, आणि मुदत संपल्यावर घर न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. पण मुदत चालू असताना कराराने जे दिले ते दिलेच. म्हणून अशा करारात अंगणाचा उल्लेख असणे अधिकच जरुरीचे आहे.

आत येण्यापूर्वी

“आमचेच घर आहे, पाहायला आलो” असे म्हणत मालकाने केव्हाही उंबरा ओलांडावा, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ ने मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क दिला आहे, पण दोन अटी घातल्या आहेत: आधी सूचना आणि वाजवी वेळ. ही अट लायसन्सवर राहणाऱ्यालाही लागू आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात आत येण्यापूर्वी २४ तासांची सूचना सांगितली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, आपोआप लागू होत नाही. तरी २४ तासांचे हे माप सभ्य माणसाला करारात घालून घेता येते.

सरकारी माणसालाही घराच्या दारापाशी थांबावे लागते. १९६२ मध्ये खरक सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या पोलिसांचा रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावण्याचा नियम रद्द ठरवला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ चाच भाग असल्याचे एकमताने सांगितले. हे निकाल मुख्यतः सरकारविरुद्ध आहेत. मालक आणि भाडेकरू यांच्या तंट्यात ते थेट चालवता येतील असे समजू नये. पण घराची चौकट म्हणजे काय, हे त्यांतून कळते.

आपल्याला ही गोष्ट कोर्टाकडून शिकण्याची गरज पडू नये. पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नूरमध्ये, २७ व्या आणि २८ व्या आयतीत, दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हटले तर परत फिरावे, अशी स्पष्ट आज्ञा आहे. ती पाळायची ज्याच्या घरात राहणे आहे त्याच्यासाठी. दस्तऐवजावर नाव कोणाचे हा सवाल तिथे नाही. हजरत अबू मूसा (रजि.) हे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या दारी गेले, तीनदा परवानगी मागितली, उत्तर आले नाही तेव्हा परत फिरले. उमर (रजि.) यांनी कारण विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांची ही शिकवण त्यांनी सांगितली आणि तिला साक्षीदारही आणला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. खलीफाच्या दारावरून माणूस परत फिरतो, आणि आपण भाडेकरूच्या दारावर थांबायला तयार नाही!

नजरेची हद्द

पाऊल न टाकताही घरात शिरता येते. नजर शिरते, आता कॅमेराही शिरतो. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात अहमद जौदत पाशा यांच्या देखरेखीखाली ‘मजल्ला’ नावाची दिवाणी कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या १२०२ व्या कलमात घरातल्या बायकांच्या वावराच्या जागांची नावेच दिली आहेत: स्वयंपाकघर, विहिरीचा काठ आणि घराचे अंगण. या जागा शेजाऱ्याला दिसतील असे बांधकाम हे मोठे नुकसान मानले आणि आडोसा करून ते दूर करण्याची जबाबदारी नुकसान करणाऱ्यावर टाकली. अंगणाला तिथे स्वयंपाकघराच्या पंक्तीला बसवले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या देशाच्या कायद्यातही हा विचार आहे. वकील मंडळी ज्याला इझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात, त्या १८८२ च्या कायद्याच्या १८ व्या कलमात रिवाजाने मिळणारे हक्क सांगितले आहेत. उदाहरण म्हणून असे गाव घेतले आहे की, जिथे शेजाऱ्याच्या घरातला एरवी न दिसणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात घरातल्या स्त्रियांच्या वापराच्या भागाचा असा रिवाजी हक्क मान्य केला. खटल्याच्या नावावरूनच दिसेल की, घरातल्या पडद्याची काळजी ही एका जमातीची मिरास नाही. मात्र आपल्या गावी असा रिवाज आहे, हे पुराव्याने शाबीत करावे लागते. नुसते म्हणून चालत नाही.

कॅमेऱ्याबद्दल आमचा सल्ला असा: मालकाने फाटकावर, रस्त्याच्या दिशेने कॅमेरा लावला तर कोणी हरकत घेऊ नये, चोरीमारीच्या दिवसांत तो दोघांच्याही उपयोगाचा आहे. पण त्याचे तोंड भाडेकरूच्या दाराकडे, न्हाणीकडे, खिडकीकडे नसावे. स्त्री तिच्या खाजगी क्रियेत असताना, जिथे कोणी पाहणार नाही अशी तिची अपेक्षा असते, तिथे तिला पाहणे किंवा तिचे चित्र घेणे हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच दोषसिद्धीला किमान एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. “कॅमेरा आपोआप चालतो” असे म्हणून सुटका होईल या भरवशावर कोणी राहू नये.

मालकाची आणि शेजाऱ्याची बाजू

हक्काची तराजू दोन पारड्यांची असते. भाडेकरूने भाडे वेळेवर द्यावे, पाहणीला आडकाठी करू नये आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय अंगणात पक्के बांधकाम करू नये. तसे केले तर कलम १६ खाली जागा खाली करण्याची पाळी येऊ शकते. शेजाऱ्यांना उपद्रव देणे हेही त्याच कलमात आहे. पडदा दोरीवर बांधला तर तो पडदा आहे, विटांची भिंत घातली तर ते बांधकाम आहे. वाड्यात चार बिऱ्हाडे असतील आणि चौक सामाईक असेल, तर एकाने तिथे आपली गाडी कायम लावून बाकीच्यांची वाट अडवणे हेही चुकीचेच.

शेजाऱ्याची वहिवाट हा निराळा मामला आहे. इझमेंट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एखादी वाट उघडपणे, बिनतक्रार, हक्क म्हणून, खंड न पडता २० वर्षे वापरली तर तिचा हक्क मिळतो. पण परवानगी घेऊन वापरली असेल तर कितीही वर्षे झाली तरी ती मेहरबानीच राहते. म्हणून घर घेण्यापूर्वी भाडेकरूने विचारून घ्यावे की, या अंगणातून आणखी कोणाची वाट आहे काय. आधीपासून असलेली वाट भाडेकरूला बंद करता येत नाही.

आमच्या भागात शेताच्या रस्त्यांचे तंटे फार. ते मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांपुढे चालतात. त्यामुळे काही लोक घराच्या अंगणाची तकरारही घेऊन तहसील कचेरीत जातात आणि हेलपाटे खातात. शेताच्या वाटेचा मार्ग वेगळा आणि भाड्याच्या घराच्या अंगणाचा वेगळा. दुसऱ्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. जुन्नरकरांसाठी जुन्नरला आणि आंबेगावकरांसाठी घोडेगावला. फाटकासमोर सार्वजनिक रस्त्यावर कोणी वाहन लावून अडथळा केला, तर तो मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ चा विषय आहे आणि त्यासाठी पोलिसांकडे जावे.

कागद करा

एकेकाळी जुन्नरचा हातकागद दूरवर प्रसिद्ध होता. कागजी घराण्यांनी बनवलेल्या त्या कागदावर दफ्तरे लिहिली गेली. ज्या गावाने दुसऱ्यांच्या दफ्तरांना कागद पुरवला, त्या गावात आज भाड्याचा व्यवहार तोंडी चालतो, याला काय म्हणावे? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही सूरह अल्-बकरहची ताकीद आपण दुकानात पाळतो आणि घराच्या बाबतीत विसरतो.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते, उलट शाबीत होईपर्यंत. म्हणजे तोंडी व्यवहारात जास्त नुकसान मालकाचेच आहे, हे मालक बांधवांनी समजून घ्यावे. भाड्याची पावती देणेही कलम ३१ ने सक्तीचे आहे.

करारात अंगणाबद्दल काय लिहावे, याचा एक नमुना देतो. आम्ही पुढच्या भाडेकरूशी करार केला तेव्हा साधारण असेच लिहिले:

“घरासमोरील फाटकापासून ओट्यापर्यंतचे अंगण व गाडी आत येण्याची वाट ही भाड्याच्या जागेत समाविष्ट आहे. मालक अथवा त्याची माणसे ती वाट माल चढवण्या-उतरवण्यासाठी, वाहन उभे करण्यासाठी अगर अन्य कामासाठी वापरणार नाहीत. दुरुस्ती किंवा पाहणीसाठी यायचे झाल्यास मालक किमान २४ तास आधी कळवील व दिवसाच्या वेळीच येईल. आग, पाणी फुटणे अशा तातडीच्या प्रसंगी ही अट लागू नाही.”

मालकाला वाट ठेवायचीच असेल तर तेही लिहावे: कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत, कोणते वाहन, किती वेळ, आणि त्याबद्दल भाड्यात किती सूट. सूट लिहायला लागली की, आपण दुसऱ्याचे काय घेत आहोत ते आपोआप कळते.

तंटा झालाच तर

भाडेकरूने पुढील क्रमाने जावे.

पहिले, तोंडाने बोलावे. चारचौघांत नव्हे, एकट्याला गाठून. पुष्कळ मालकांना खरोखरच कळलेले नसते. आम्हालाही कळले नव्हते.

दुसरे, साध्या वहीत नोंद ठेवावी: तारीख, वेळ, कोणते वाहन, किती वेळ उभे होते. तारखेसह दोन-चार फोटो काढावेत. भाडे शक्यतो बँकेतून द्यावे किंवा पावती घ्यावी. भाडे थकवणे हा निषेधाचा मार्ग नव्हे. भाडे थकले की बरोबर असलेला माणूसही चूक ठरतो.

तिसरे, जमातीतल्या किंवा बाजारपेठेतल्या दोन समजदार माणसांना मध्ये घालावे आणि जे ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

चौथे, पोच मिळेल अशा रीतीने पोस्टाने लेखी नोटीस द्यावी. भाषा साधी असावी, धमकीची नसावी.

पाचवे, तरीही भागले नाही तर दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागावा. खर्चाची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. घरात बसून शिलाई, पापड, कशिदा करणाऱ्या आमच्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यांचे अंगण हा त्यांचा कारखाना आहे, आणि वाट अडली की त्यांचे गिऱ्हाईक अडते. लोकअदालतीत समेट झाला तर त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचून घ्यावी.

स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

आपली जागा दुसऱ्याला भाड्याने दिलेल्या प्रत्येक बांधवाने आज रात्री दुकानाची वही मिटताना हे तीन प्रश्न विचारावेत. मी दिलेल्या घराचा कोणता भाग मी अजून वापरतो आहे? तो वापर मी व्यवहार ठरताना सांगितला होता काय? माझ्या स्वतःच्या घरासमोर त्याच वेळी तेच वाहन, तेच हमाल आलेले माझ्या घरच्यांना चालले असते काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर कायद्याची पुस्तके उघडायची गरज नाही. उद्या सकाळी भाडेकरूच्या दाराशी जावे, बाहेरच थांबावे, सलाम करावा आणि त्याला विचारावे. हुकूकुल्लाहमध्ये झालेली कसूर अल्लाह माफ करील अशी आशा आपण धरतो. हुकूकुल इबादची माफी मात्र ज्याचा हक्क बुडवला त्याच्याकडेच मागावी लागते. आमचा तो भाडेकरू आता मंचरला आहे. मागच्या ईदला आम्ही त्याच्या दारी गेलो. त्याने बाहेर येऊन गळाभेट घेतली आणि आत चला म्हणाला. तेव्हाच आम्ही आत पाऊल टाकले.